कॅनडात तारीख, अमेरिकेत बिल, आणि आपल्याकडे धान निघेपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात प्रतापनगरला राहणारे एक निवृत्त काका, वय ७१. मुलगी कॅनडात, ब्रॅम्प्टनला. मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला. काकू ६६ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, उजवी जास्त. दोन्ही मुलं बोलावत आहेत. मुलगी म्हणते, इकडे या, इथे दवाखान्याला पैसे लागत नाहीत. मुलगा म्हणतो, तिथे वर्ष-वर्ष नंबर लागत नाही, माझ्याकडे या, पंधरा दिवसांत होऊन जाईल. काका विचारतात, दोघांत खरं कोणाचं, आणि ऑपरेशन कुठे करावं?

काका, आधी उत्तर सांगतो. काकूंचा गुडघा नागपुरातच करून घ्या आणि मग खुशाल दोन्हीकडे जाऊन या. आता कारणं सांगतो, आणि ती जरा सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि दर वेळी मागे लोक रांगेत असल्याने माझं सांगणं अर्धवट राहतं.

मी हाडांचा डॉक्टर. धंतोलीत २७ वर्षं झाली. त्याआधी एक वर्ष कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात सांधेरोपण शिकायला होतो. माझी थोरली बहीण तेव्हा अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळ राहायची, म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी कॅनडाच्या सीमेवरच्या विंडसरला जाऊन नदीखालच्या बोगद्यातून बसने तिच्याकडे जायचो. जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा. या टोकाला एक आरोग्यव्यवस्था, त्या टोकाला अगदी वेगळी. हवा तीच, थंडी तीच, लोकांचे गुडघेही तसेच. दोन शेजारी देशांची तुलना करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तुमची दोन्ही मुलं खरं बोलत आहेत. पण दोघंही स्वतःला जे दिसतं तेवढंच सांगत आहेत.

मुलीपासून सुरू करू. कॅनडात दवाखान्यात बिल येत नाही, हे खरं. १९८४ च्या कायद्याने तिथे डॉक्टरच्या तपासणीचे किंवा ऑपरेशनचे वरून पैसे घेता येत नाहीत; एखाद्या प्रांताने घेऊ दिले तर केंद्र सरकार तेवढी रक्कम त्या प्रांताच्या अनुदानातून कापतं. पैसा करातून येतो. याची मुळं सस्कॅचवान प्रांतात आहेत. तिथला नेता टॉमी डग्लस लहान असताना त्याच्या पायाच्या हाडात पू झाला होता. घरची गरिबी, पाय कापावा लागेल अशी वेळ आली. विनिपेगच्या एका हाडांच्या सर्जनने, विद्यार्थ्यांना बघू द्याल तर फुकट करतो, असं सांगून तो पाय वाचवला. आपला पाय नशिबाने वाचला, हक्काने नाही, हे त्या मुलाच्या मनातून पुढे कधी गेलं नाही. १९६२ मध्ये सस्कॅचवानने सर्वांसाठी योजना आणली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, आणि तरी योजना टिकली. हाडांचा डॉक्टर म्हणून ही हकिगत मला फार जवळची वाटते.

पण मग तारीख उशिरा का मिळते? लोक सांगतात डॉक्टर कमी आहेत. आहेतच; सुमारे ६० लाख लोकांना तिथे कायमचा फॅमिली डॉक्टर नाही, आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय सर्जनकडे सहसा जाता येत नाही. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं होतं. आमच्या सरांना आठवड्यात ऑपरेशनचे दोन दिवस मिळायचे. दुपारी साडेतीनला थिएटर बंद. सर तयार, मी तयार, पेशंट तयार, थिएटर रिकामं, तरी पाचवा गुडघा त्या दिवशी होत नसे. कारण तिथल्या हॉस्पिटलला वर्षाचा पैसा बहुतांश ठोक रकमेने मिळतो. आणखी एक ऑपरेशन म्हणजे हॉस्पिटलला आणखी एक खर्च. अमेरिकेत आणखी एक ऑपरेशन म्हणजे आणखी एक कमाई. बोगद्याच्या दोन टोकांमधला मोठा फरक या एका हिशोबात आहे. त्यातच खाटा अडकतात: बरा झालेला पण घरी सांभाळणारं कोणी नसलेला म्हातारा माणूस वृद्धांच्या निवासात जागा मिळेपर्यंत हॉस्पिटलच्याच खाटेवर असतो. त्याला बाहेर काढता येत नाही, आणि काढूही नये. पण काकूंसारखीचा गुडघा त्या एका खाटेसाठी थांबतो.

आता आकडे. कॅनडाने २००५ मध्ये मुदती ठरवून घेतल्या: मांडीचं हाड खुब्यात मोडलं तर ४८ तासांत ऑपरेशन, कॅन्सरचा शेक (रेडिएशन) ४ आठवड्यांत, गुडघा किंवा खुबा बदलणं २६ आठवड्यांत. कोविडनंतर गुडघ्याच्या साधारण दहापैकी चार जणांना ही २६ आठवड्यांची मुदत ओलांडून थांबावं लागतं. फ्रेझर इन्स्टिट्यूट ही संस्था दरवर्षी डॉक्टरांना विचारून हिशोब काढते. तिच्या २०२४ च्या हिशोबात सगळ्या शाखा धरून फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीपासून उपचारापर्यंतचा मध्यम काळ ३० आठवडे आला, १९९३ मध्ये तो ९.३ होता. ही संस्था खासगी व्यवस्थेची बाजू घेणारी आहे आणि उत्तर पाठवणारे डॉक्टर थोडे असतात, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. पण आकड्याची दिशा खोटी नाही.

इथे एक बारकावा आहे, तो मुलीलाही सांगा. २६ आठवडे मोजायला सुरुवात होते ती ‘ऑपरेशन करायचं’ असं सर्जन आणि पेशंट यांनी मिळून ठरवलं त्या दिवसापासून. त्याआधी फॅमिली डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग सर्जनची पहिली भेट. हे महिने त्यात धरलेले नसतात. ऑन्टारिओ या दोन्ही प्रतीक्षा वेगवेगळ्या मोजतं आणि हॉस्पिटलवार जाहीर करतं, कोणीही घरबसल्या बघू शकतं. म्हणून कोणी ‘सहा महिने’ म्हणालं की विचारायचं: कोणत्या दिवसापासून?

तिथल्या एका पेशंटच्या घरी मी सरांबरोबर जेवायला गेलो होतो. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. फ्रिजवर चुंबकाने लावलेलं हॉस्पिटलचं पत्र, आणि बाजूला कॅलेंडर, त्यावर पेन्सिलने रोज एक फुली. दोनशेवर फुल्या झाल्या होत्या. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात येताना तो भिंतीला हात लावत लावत यायचा, आणि जिथे हात टेकायचा तिथे रंग काळपट झाला होता. मला वाईट वाटलं, मी तसं बोलूनही गेलो. तो म्हणाला, माझ्या बायकोला कॅन्सर झाला तेव्हा सगळं तीन आठवड्यांत सुरू झालं होतं, आणि आम्हाला घर विकावं लागलं नाही. गुडघा थांबू शकतो. त्याला वेदना होत होत्या, ती बाब मी हलकी करत नाही. एक वर्ष लंगडत काढलं की मांडीचे स्नायू वाळतात, वजन वाढतं, साखर वाढते, आणि मग ऑपरेशनचा फायदाही कमी होतो. थांबणं फुकट नसतं. पण त्याच हॉस्पिटलात रात्री अकराला खुबा मोडून आलेली ८८ वर्षांची आजी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यासमोर टेबलावर असायची. तिला कोणीही, आधी पैसे भरा, असं म्हटलं नाही.

इमर्जन्सीबद्दलही एक गैरसमज काढून टाका. ‘मुलगा पाय मुरगळला म्हणून गेला आणि आठ तास बसला’ ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. तिथे आल्या आल्या नर्स पाच पायऱ्यांत वर्गवारी करते. छातीत दुखणारा सरळ आत जातो, मुरगळलेला बसतो. बसावं लागलं याचा अर्थ, जीवाला धोका नाही हे कोणीतरी तपासलेलं आहे.

आता बोगद्याच्या पलीकडे. बहिणीच्या शेजारी एक शाळेतल्या शिक्षिका राहायच्या, वयाची साठी जवळ आलेली. चांगली नोकरी, चांगला विमा. त्यांचा गुडघा ठरल्यापासून तीन आठवड्यांत झाला. खोली अशी की आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलची वाटावी. तुमचा मुलगा हेच सांगतो, आणि विमा असलेल्या नोकरदारासाठी ते बरोबर आहे. पण त्या तीन आठवड्यांच्या आधीचे चार महिने त्या बाईंनी फोनवर काढले होते. विमा कंपनीची पूर्वपरवानगी लागते. कंपनी म्हणाली, आधी सहा आठवडे व्यायाम करून बघा, मग एमआरआयला परवानगी. मग डॉक्टर कंपनीच्या यादीतला हवा. भूलतज्ज्ञ यादीतला आहे का, तेही तेव्हा वेगळं बघावं लागायचं. आणि वर्षाची ठरावीक रक्कम आधी स्वतःच्या खिशातून गेली पाहिजे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कागदांची एक थप्पी होती, प्रत्येक कागदावर लाल पेनाने फोनची तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहिलेलं. हे चार महिने कुठल्याच तक्त्यात प्रतीक्षा म्हणून धरले जात नाहीत.

आणि ज्यांच्याकडे विमाच नाही त्यांचं काय? अमेरिकेत २०२३ मध्येही अशी सुमारे अडीच कोटी माणसं होती. १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत त्यांना हाकलता येत नाही, तब्येत स्थिर करावीच लागते. पण झिजलेला गुडघा इमर्जन्सी नाही. तो माणूस रांगेत उभाच राहत नाही, म्हणून त्याचं थांबणं शून्य दिवसांचं दिसतं.

२०१६ मध्ये कॉमनवेल्थ फंड या अमेरिकन संस्थेने बऱ्याच देशांतल्या लोकांना तेच प्रश्न विचारले होते. तज्ज्ञ डॉक्टरसाठी दोन महिने किंवा जास्त थांबलो, असं कॅनडात ३० टक्के लोक म्हणाले, अमेरिकेत ६ टक्के. खर्चामुळे उपचार, तपासणी किंवा औषध टाळलं, असं अमेरिकेत ३३ टक्के म्हणाले, कॅनडात १६ टक्के. काका, हे चारही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. कोणी एका जोडीवरच बोट ठेवून देशाबद्दल मत देत असेल तर त्याला दुसरी जोडी दाखवायची. दोन्हीकडे लोक थांबतात. कॅनडात थांबलेल्याची नोंद होते, अमेरिकेत थांबलेला बराचसा मोजणीच्या बाहेर राहतो.

सीमेवर तर दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटतात. विंडसरच्या हृदयविकाराच्या रोग्यांना तातडीच्या अँजिओप्लास्टीसाठी ऑन्टारिओ सरकारच्या खर्चाने डेट्रॉइटला नेत, आणि अँब्युलन्ससाठी तो बोगदा मोकळा करत. २०२३ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या काही रोग्यांना शेक देण्यासाठी सीमेपलीकडे बेलिंगहॅमला पाठवायला सुरुवात केली, कारण घरची मुदत पाळता येत नव्हती. आणि उलट्या बाजूने? २०१९ च्या जुलैत डेट्रॉइटहून मधुमेहाच्या रोग्यांची बस विंडसरला आली, इन्सुलिन विकत घ्यायला. सिनेटर बर्नी सँडर्स त्यांच्यासोबत होते. अमेरिकेत त्या कुपीची किंमत कितीतरी पट होती. म्हणजे एकाच सीमेवरून कोणी यंत्रासाठी पलीकडे जातंय, कोणी औषधासाठी अलीकडे येतंय.

आता आपल्या नागपूरचं बोलू, कारण तुलना करताना आपण स्वतःला विसरतो. ‘भारतात बरं, ठरवलं की चार दिवसांत ऑपरेशन,’ असं परदेशातून आलेली मुलं म्हणतात. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत ते खरंच आहे. रक्ताच्या तपासण्या, साखर आटोक्यात, दात-लघवीत जंतुसंसर्ग नाही, हृदयाच्या डॉक्टरचं फिटनेस, झालं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा दीड लाखाच्या पुढे विकला जायचा, तो कर वगळून ५४,७२० रुपयांवर आला. त्यामुळे मध्यमवर्गाला मोठा आधार झाला.

पण मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयांत, पहाटे जाऊन बघा. केसपेपरच्या खिडकीसमोर सिवनीचे, बालाघाटचे, छिंदवाड्याचे, गडचिरोलीचे लोक रात्रीच येऊन चादर टाकून झोपलेले असतात. तिथले डॉक्टर जीव तोडून काम करतात. मी स्वतः तिथेच शिकलो, मला ते माहीत आहे. पण थांबणं तिथे आहे, आणि तेही मोजलं जात नाही.

माझ्याकडे कुरखेड्याकडची एक बाई चार वर्षं येत होती. पन्नाशी-पंचावन्नची, रोवणीत उभं आयुष्य चिखलात वाकून काढलेली. पहिल्या वर्षी मी एक्सरे दाखवून सांगितलं, आता बदलावाच लागेल. ती म्हणाली, ‘‘धान निघू द्या ना डाक्टरसाहेब, मंग पाहू.’’ दुसऱ्या वर्षी धान निघालं, पण पोरीचं लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी तुडतुड्याने धान खाल्लं. दर वर्षी पाय थोडा जास्त वाकडा. चौथ्या वर्षी ती आली तेव्हा कनिष्ठ डॉक्टरला केसपेपर लिहायला सांगितला, त्याने लिहिलं: ‘त्रास: १५ दिवस.’ पंधरा दिवसांपूर्वी तिला उठताच येईना म्हणून तिने ती तारीख सांगितली होती. आमच्या कागदावर तिची प्रतीक्षा पंधरा दिवसांची झाली. मी तो कागद फाडून नव्याने लिहायला लावला. शेवटी तिचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. ती योजना पहिल्या वर्षीही होती. तेव्हा तिला ती नीट समजावून सांगायला मी स्वतः दहा मिनिटं काढायला हवी होती. आता काढतो.

खुब्याच्या हाडाचंही तसंच. तिथे ४८ तासांची मुदत. माझ्याकडे सोळाव्या दिवशी हाडवैद्याची पट्टी बांधलेली आजी येते. २०१३-१४ मध्ये देशाच्या आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के पैसा लोक थेट खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण खिसा रिकामा असेल तर माणूस थांबतो, आणि आपल्याकडे त्याला कॅनडासारखं फ्रिजवर लावायला पत्रही मिळत नाही.

आता तुमच्या घरापुरतं.

तुम्ही दोघं पाहुणे म्हणून जाणार, तेव्हा त्या दोन्ही व्यवस्था तुमच्या नाहीतच. कॅनडात मुलीला मिळतं ते ऑन्टारिओचं आरोग्य कार्ड पाहुण्या आईवडिलांना मिळत नाही. सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) गेलात तर किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा खासगी आरोग्य विमा आधी काढावा लागतो, आणि तो अचानक आलेल्या आजारासाठी असतो. आधीपासून झिजलेला गुडघा त्यात बसत नाही. अमेरिकेत ज्येष्ठांची मेडिकेअर ६५ नंतर मिळते, पण बाहेरून आलेल्याला ग्रीन कार्ड आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. मुलाच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील सहसा येत नाहीत. म्हणजे मुलाने सांगितलेले ‘पंधरा दिवस’ काकूंना रोख डॉलरमध्ये विकत घ्यावे लागतील.

विम्याच्या कागदात एक कलम मुलीला शोधायला सांगा: आधीचा आजार ‘स्थिर’ असला पाहिजे. बऱ्याच पॉलिसींत, निघण्याआधीच्या ९० किंवा १८० दिवसांत बीपीची वा साखरेची गोळी बदलली, डोस कमी केला तरीही, आजार अस्थिर धरतात आणि दावा नाकारतात. म्हणून जायच्या तोंडावर ‘डॉक्टर, एकदा गोळ्या ठीकठाक करून द्या’ असं करू नका. जे बदलायचं ते सहा महिने आधी.

तुमचं स्वतःचं वय ७१ आहे, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या ७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान कार्डाला तुम्ही पात्र आहात. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार घेऊन काढून ठेवा. काकू वयाने त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत काय होतं ते हॉस्पिटलच्या दारातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड सोबत न्या. खासगी पॉलिसी असेल तर गुडघ्यासाठी किती वर्षांची प्रतीक्षा लिहिली आहे ते बघा.

उजवा गुडघा आधी करा. डावा किती झिजला आहे ते एक्सरे बघितल्याशिवाय सांगणार नाही. ऑपरेशननंतर किमान तीन महिने लांबचं विमान नको. पंधरा-सोळा तास पाय लोंबकळत बसून राहिलं की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ब्रॅम्प्टनला डिसेंबरात जाऊ नका. बर्फावर घसरून नव्या गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडलेले पेशंट मी तिथे पाहिले आहेत, आणि ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. दिवाळीनंतर लगेच केलंत तर मेमध्ये आरामात जाता येईल. जाताना डिस्चार्ज कार्डावर सांध्याचे जे छोटे स्टिकर चिकटवलेले असतात त्याची प्रत जवळ ठेवा. पुढे कुठेही त्या गुडघ्यात काही करायची वेळ आली तर तिथला सर्जन पहिल्यांदा तेच मागेल.

आणि एक्सरे काढाल तो काकूंना उभं करून, दोन्ही पायांवर भार देऊन काढलेला हवा. झोपवून काढलेल्या एक्सरेत वाटीची झीज आहे त्याहून कमी दिसते.